मागचं पान

"बस गो, नीट बस." रोप लावलं की बुडाची माती टाचेने दाबत आमचे शेजारचे काका असं म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी माझ्या परसात आंबा लावला. मला वाटलं, मलाच सांगतायत. मी मुकाट्याने खाली बसले. काकी हसून हसून लोळल्या.

आमच्या कापडे गावाच्या वरचा उतार खोताचा, पण काका तिथलं आजोबांपासूनचं कूळ. उतारावर नाचणी, वरी व्हायची. तिथल्याच ऐनाच्या फांद्या तोडून खाली खाचरात जाळायच्या. त्या भाजलेल्या जमिनीवर, राबावर, भाताचं रोप उगवायचं. उतार नाही तर राब नाही, राब नाही तर भात नाही.

एके वर्षी सरकारी लागवडीचे साहेब आले. काकांच्या ओटीवर भाकरी खाल्ली. म्हणाले, "रोपं आमची, उतार तुमचाच."

कागद निघाला तसं काकांनी मला हाक मारली. "चौथी शिकलीस ना गो? वाच."

ओटी पुरुषांनी भरलेली. पहिलं पान कसंबसं वाचलं. त्यात लागवड आणि राखण. पान उलटलं तर साहेब म्हणाले, "मागचं राहू द्या बाई, सगळीकडे तेच असतं."

मागे लिहिलं होतं, जमीन जंगलाची, कुळाचा हक्क नाही. मी ते मनात वाचलं होतं. तरी पान सुलटं केलं.

"बरोबर हाय?" काकांनी विचारलं.

"हां," मी म्हटलं. त्यांनी अंगठा दिला.

मग त्यांनी सागाचं एकेक रोप टाचेने बसवलं, काट्यांचं कुंपण केलं, उन्हाळ्यात हंड्याने पाणी घातलं. काकी म्हणायच्या, "मला कधी एवढं पाजलंत नाय!" इतरांची रोपं मेली, यांचं एकही नाही. त्या झाडांकडे बोट दाखवूनच मोजणीवाल्यांनी लिहिलं, इथे जंगल आहे.

पुढच्या वर्षी काका राबाला गेले तर राखणदाराने कोयता काढून घेतला. वर म्हणाला, "इतकी जगवायची कशाला, बाबा?"

संध्याकाळी काका माझ्या दारात उभे राहिले. "मागच्या पानावर हेच व्हतं?"

मी मान डोलावली. त्यानंतर नातवाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी दुकानात जाऊन वाचून घेतली.

गेल्या थंडीत काका गेले. चितेसाठीसुद्धा उतारावरचं लाकूड कुणाला तोडू देईनात. मी परसातला आंबा तोडायला सांगितला.

बुंधा अजून आहे. कधी टाच लावून बघते. हलत नाही. इतका नीट बसवलाय.