पीरमहंमदला घातलेल्या शिव्या

इस्लामपूरच्या पीरमहंमद घड्याळवाल्याला मी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या खिडकीतून पिशवी टाकून जागा धरणाऱ्या प्रवाशांनाही उभ्या नोकरीत घातल्या नसतील. मी नाथाजी, एसटीत कंडक्टर, इस्लामपूर डेपो. तोंडाचा फटकळ आहे हे मला कुणी सांगायला नको, बायको रोज सांगते. पण तुम्हीच सांगा, एक मनगटी घड्याळ, त्यात दुरुस्त करायचं ते असं काय असतं? उघडायचं, पुसायचं, तेलाचा थेंब सोडायचा, झाकायचं. तेवढ्याला हा गृहस्थ महिना लावायचा. कधीही जा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि मान वर न करता एकच बोलणं, "उद्या या, नाथाजीराव." त्याचा उद्या आमच्या कॅलेंडरात कधी उगवला नाही.

घड्याळ तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. तात्या दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत होते, तिथं त्यांनी ते घेतलं. तबकडी मूळची पांढरी, आता पिवळी पडलेली. सेकंदाचा काटा खाली वेगळ्या छोट्या गोलात फिरायचा. पेन्शनीत आल्यावर तात्या ते घालून उसाला पाणी पाजायला जात, लग्नाला जात आणि तालुक्यालाही जात. एकाहत्तरच्या पावसाळ्यात तात्या गेले. त्या दिवशी आईनं त्यांच्या मनगटावरचं घड्याळ स्वतःच्या हातानं सोडलं, आणि पुढं ते कुणाला घालू दिलं नाही. मलाही नाही.

आईचं नाव चंद्राबाई. तिला घड्याळ कळत नव्हतं, काटे कुठं आहेत याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. सकाळी उठली की कोनाड्यातून घड्याळ काढायची, बारा वेळा चावी द्यायची, कानाला लावून ऐकायची आणि मग चूल पेटवायची. एकदा माझी बायको अंजना हसत म्हणाली, की आत्याबाई, किती वाजलं ते तरी विचारा त्याला. आई म्हणाली, "वाजल्यालं काय करायचंय मला? चालतंय तवर ह्ये घरात हाईत."

आणि बाहत्तरच्या दिवाळीत ते बंद पडलं. आईनं कानाला लावलं, हलवलं, परत लावलं, मग मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी चूल अंजनानं पेटवली. आई जेवली नाही, रडली नाही, कुणावर चिडली नाही, नुसती बसून राहिली. मला असलं बघवत नाही. मी घड्याळ खिशात घातलं आणि म्हटलं, दोन दिवसांत आणतो. कुठल्या मुहूर्तावर बोललो कुणास ठाऊक.

पीरमहंमदचं दुकान स्टँडपासून जवळ, एका कापडवाल्याच्या जिन्याखाली. एक टेबल, एक काचेची पेटी, भिंतीवर दहा घड्याळं आणि दहांच्या दहा वेळा. तात्या हयात असताना तिथं तासन्तास बसायचे, म्हणून मी विश्वासानं गेलो. त्यानं घड्याळ उघडलं, भिंगातून बराच वेळ पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. म्हणाला, उद्या या. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढं पुढं तर मी बस स्टँडला लागली की पळत जायचो, आणि तो लांबूनच हात हलवायचा. इकडं घरी आई रोज दारात. नुसतं माझ्या खिशाकडं बघायची आणि आत जायची. बाविसाव्या दिवशी घड्याळ मिळालं. काय झालं होतं विचारलं तर म्हणाला, कचरा हुता. अरे बाबा, बावीस दिवसांचा कचरा?

पण चाललं. आईनं कानाला लावलं आणि तिच्या तोंडावर असं काही आलं, की मी सगळं विसरलो. वर्षभर घड्याळ बिनतक्रार चाललं. त्र्याहत्तरचा दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली आणि परत बंद. आई परत मांडीवर घड्याळ घेऊन बसली.

आता मात्र मी हट्टाला पेटलो. म्हटलं, पीरमहंमदच्या दाराला पाय लावायचा नाही. माझी ड्युटी तेव्हा सांगलीला असायची. तिथल्या एका मोठ्या दुकानात दिलं. पंखा, आरसे, बसायला खुर्ची. मालकानं उघडून पाहिलं आणि नाक मुरडलं. आत गंज चढलाय म्हणाला, पार्ट मुंबईहून येईल. तो पार्ट मुंबईहून बहुतेक चालत निघाला असावा. दोन महिने मी सांगलीच्या फेऱ्या मोजल्या. शेवटी त्यानं घड्याळ होतं तसं कागदात गुंडाळून परत दिलं आणि वर शहाणपण शिकवलं, की असली जुनी घड्याळं आता शोकेसमध्ये ठेवायची, नवीन घ्या. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही.

मग सातारा. तिथला घड्याळजी, केरबा नाव त्याचं, बोलायला गोड. त्यानं झाकण काढलं आणि म्हणाला, लाल माती गेलीय आत, रानात घालून जाता काय? म्हटलं, आमची रानं काळी कुळकुळीत, लाल माती आणू कुठनं? तो हसला, मीही हसलो. त्यावर मी विचार करायला हवा होता. पण मी विचार करणाऱ्यांतला नव्हे, बोलणाऱ्यांतला. आठ दिवसांत घड्याळ तयार. मी खूश. काय सांगू, गाडीतल्या पाच जणांना दाखवलं.

घरी आईनं ते हातात घेतलं, कानाला लावलं, मग डोळ्यांजवळ नेलं आणि माझ्याकडं परत केलं. म्हणाली, "ह्ये त्यांचं न्हवं." मी समजावलं, तेच आहे, तबकडी बघ, मागचा ओरखडा बघ. ती ऐकेना. बघतो तर काय, त्या केरबानं काटे बदलले होते. जुने निळसर, बारीक काटे काढून दोन चकाकणारे पिवळे काटे बसवले होते, वर सांगितलंही नव्हतं. तिला वेळ कळत नव्हती, पण काटे कळत होते.

म्हणजे परत सातारा. केरबा म्हणाला, अहो नवीन घातले, फुकट घातले, तुम्ही आभार मानायचे सोडून भांडताय. मी म्हटलं, माझे काटे काढ. त्यानं टेबलाखालून एक डबा काढला. त्यात शेकडो काटे. काळे, पिवळे, मोडके, वाकडे. मी आणि तो, दोघंही डोकं डब्यात घालून बसलो. माझी परतीची गाडी लागली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मी सातारच्या भर बाजारात तात्यांचे काटे निवडतोय. मिळाले. कागदाच्या पुडीत बांधून आणले, आणि नाक मुठीत धरून परत पीरमहंमदकडं गेलो. ते त्याच्यापुढं ठेवलं. काटे बघून एवढंच म्हणाला, "ह्ये बरं केलंसा." आणि मग, अर्थात, उद्या या.

संक्रांतीला घड्याळ आईच्या हातात आलं. ती काट्यांवरून बोट फिरवत हसली. आणि चौऱ्याहत्तरची दिवाळी आली नि घड्याळ बंद पडलं.

तिसरी दिवाळी. माझं डोकंच फिरलं. ड्युटीचा खाकी शर्ट तसाच अंगावर, मी पीरमहंमदच्या दुकानापुढं उभा राहिलो आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा सुटलो. म्हटलं, चोर आहेस, आत मुद्दाम काहीतरी ठेवतोस, म्हणजे दरसाल गिऱ्हाईक परत येतंय. तुझ्या बापानं कधी घड्याळ पाहिलं होतं का. कापडवाला बाहेर आला, चहावाला बाहेर आला. पीरमहंमद साठीचा माणूस, खाली मान घालून ऐकत होता. मी घड्याळ टेबलावर आपटायचंच बाकी ठेवलं आणि म्हटलं, आत्ता, माझ्यासमोर उघड.

"आत्ता नगं," तो म्हणाला. "उद्या या."

मी म्हटलं, उघडल्याशिवाय हलत नाही. मग त्यानं बसलेल्या गिऱ्हाइकाला नंतर यायला सांगितलं. जमलेली माणसं पांगेपर्यंत थांबला. दुकानाची एक फळी लावून घेतली. घड्याळ उघडलं, डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं.

मी पाहिलं. बारीक बारीक चाकं, आणि चावी जिथून आत जाते तिथं दात्यांमध्ये लाल भुकटी चिकटलेली. मी म्हटलं, गंज. तो म्हणाला, बोटाला लावून बघा. चिमट्यानं त्यानं कणभर माझ्या बोटावर ठेवलं. मी चोळलं. बोट लाल झालं.

कुंकू.

माझ्या तोंडून अंजनाचंच नाव निघालं. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं पाटावर मांडतात, कोयते, खुरपी, माझा तिकिटाचा चिमटासुद्धा, आणि अंजना त्यांना हळदकुंकू वाहते. हिनंच हा उद्योग केला असणार. मी उठलो. घरी जाऊन तिला अशी फैलावर घेणार होतो, की बस. पीरमहंमदनं माझा हात धरला.

"सुनंनं क्येलं आसतं तर पाटावर मांडून क्येलं आसतं, वरनं बोट टेकवून. ह्ये तसं न्हाई. ह्ये लावून परत पुसल्यालं हाय, कुणाला दिसू न्हाई म्हणून. पुसताना आत गेलंय. चोरून लावल्यालं हाय, नाथाजीराव."

मी खाली बसलो. तात्या असताना खंडेनवमीला पाटावर सगळ्यात पुढं त्यांचा पट्टा, पदकं आणि हे घड्याळ असायचं, आणि आई त्याला कुंकू लावायची. तात्या गेले. मी पट्टा आणि पदकं पेटीत घातली. पाटावर माझा चिमटा मांडला. घड्याळ मांडायचं मला सुचलंही नाही. आणि मांडलं असतं, तरी आईला त्याला कुंकू लावू कोण देणार होतं? विधवा बाई. तिनं पाटाजवळ यायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण ती येत नव्हती, आणि आम्हीही ये म्हटलं नव्हतं.

मी विचारलं, हे तुला कधीपासून माहीत आहे? तो म्हणाला, पहिल्या वर्षीच कळलं. हळदकुंकवात तेल मिसळून घट्ट बसतंय, एकेक कण काढावा लागतो. दुकानात माणूस असलं की उघडता येत नाही. कुणी पाहिलं तर गावभर होईल, की पलटणवाल्याची रांड घड्याळाला कुंकू लावतीय. म्हणून दुकान रिकामं असेल तेव्हाच थोडं थोडं करत होतो.

"मग मला सांगायला काय झालं हुतं?"

"तुमी तापट. घरी जाऊन बोलून बसला आसता. आपल्याला कळलंय ह्ये त्यास्नी कळलं, तर त्या परत घड्याळाला हात लावायच्या न्हाईत. त्यापरीस मला शिव्या बसल्याल्या बऱ्या."

तीन वर्षं मी या माणसाला रस्त्यावर उभं राहून शिव्या घालत होतो, आणि हा उद्या या म्हणत होता. मला त्याच्याकडं बघवेना. मी माफीसुद्धा नीट मागितली नाही. काहीतरी पुटपुटलो आणि निघालो.

अठरा दिवसांनी घड्याळ मिळालं. आईनं ते कानाला लावलं आणि विचारलं, "काय झालंतं म्हनं?" अंजना चुलीपाशी ऐकत होती. मी उभ्या जन्मात एवढं मोजून बोललो नसेन.

"काय हुयाचं? त्यो पीरमहंमद. हातात काम न्हाई त्येच्या. दरसाल तेल जास्त घालतोय, बंद पडतंय. लय बेअक्कल माणूस."

"नगं रं," आई म्हणाली. "त्येच्या हाताला गुन हाय. त्येला बोलू नगंस."

पुढच्या खंडेनवमीला पहाटेच मी अंजनाला घेऊन रानात गेलो. मोटरचं काम आहे म्हणून सांगितलं. उन्हं वर येईपर्यंत तिला घरी फिरकू दिलं नाही, ती वैतागली. दिवाळीला घड्याळ बंद पडलं. मी ते घेऊन इस्लामपूरला गेलो आणि दुकानापुढं उभा राहून जोरात शिव्या घातल्या, आमच्या गावची दोन माणसं बाजाराला आली होती, त्यांना ऐकू जातील अशा. पीरमहंमदनं मान वर केली नाही. उद्या या म्हणाला. असं तीन वर्षं चाललं.

अठ्ठ्याहत्तरला दसरा झाला आणि चौथ्या दिवशी आई गेली. दिवसपाणी उरकलं. दिवाळीच्या पाडव्याला मी कोनाड्यातलं घड्याळ काढून चावी दिली. बंद होतं. सवयीनं खिशात घातलं आणि इस्लामपूरला गेलो.

शिव्या सुचल्या नाहीत. मी घड्याळ टेबलावर ठेवलं. पीरमहंमदला बातमी कळली होती. त्यानं दुकानात कोणी नाही हे पाहिलं, झाकण उघडलं, भिंग लावलं आणि चिमटा उचलला. मग तो थांबला. पहिल्यांदाच त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"काढू का ऱ्हाऊ देऊ?"

मी हातानंच राहू द्या अशी खूण केली. त्यानं चिमटा खाली ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि घड्याळ माझ्या हातात दिलं.

"उद्या येऊ?" मी विचारलं.

"आता नगा येऊ," तो म्हणाला, आणि डोळ्याचं भिंग काढून पुसत बसला.