पाळकसाहेबांच्या नावावर

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो जायच्या आधी दोन महिने मी त्याच्या उशाशी बसून होते, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतेय — कारण तुम्ही आमच्या मंडळीतले नाही, आणि माझ्याबद्दल तुमचं चांगलं मत असण्याचं काही कारणही नाही. तेवढंच बरं.

आमची पनवेलची ख्रिस्ती मंडळी लहानशी. चाळीसेक माणसं, पण जीव लावणारी. कुणी आजारी पडलं की डबा जायचाच, कुणाकडे बाळंतपण असलं की डिंकाचे लाडू कुणी करायचे यावरून बायकांत रुसवेफुगवे! मी नर्स, म्हणून दवाखान्याचं खातं माझ्याकडे. 'सिस्टर आहेत ना' म्हणून सगळे निवांत. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

शांताबाई गव्हाणहून यायच्या. मासे विकायच्या. रविवारी बाजार लवकर उरकून, अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून भक्तीला हजर. त्यांच्या घरात दुसरं कुणी ख्रिस्ती नव्हतं. बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून सून धड बोलत नव्हती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट. त्यांना टीबी झाला.

दवाखान्यात मीच नेलं. गोळ्या मीच द्यायची, एखादी चुकली तर कडाकडा भांडायची. बाई गुमान ऐकून घ्यायची. मंडळीत माझं कौतुक — आणि खोटं कशाला बोलू, केलंही होतं मी मनापासून. काही महिन्यांनी डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, थुंकी स्वच्छ आली, आता यांच्यापासून कुणाला धोका नाही. माझ्यासमोर. हे लक्षात ठेवा.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकायचे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, भाकरीचा तुकडा द्यायचे, मग द्राक्षरसाचा प्याला. तेव्हा सगळ्यांना मिळून प्याला एक. कड फडक्यानं पुसायची, जरासा फिरवायचा, की पुढच्याच्या ओठांशी. श्रीमंत-गरीब, कोण कुठल्या जातीतून आलेलं — त्या प्याल्यापुढे सगळी सारखी. लहानपणापासून ऐकलेलं, दुसऱ्यांना शिकवलेलं.

शांताबाई बऱ्या होऊन आल्या तो पहिला रविवार. माझ्याच डाव्या हाताला येऊन टेकल्या. हक्कानं. आधी त्या प्यायल्या, मग प्याला माझ्याकडे आला, आणि — मी ओठ घट्ट मिटून घेतले. प्यायल्यासारखं केलं. चाळीस माणसांत कुणाला कळलं नाही. मला किळस आली होती. भीती नव्हे हो, भीती कसली? मला सगळं ठाऊक होतं. नुसती किळस.

त्याच दिवशी बाहेर चप्पल घालताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, घरी सुनेनं माजा पेला वेगला केलाय. इथं सगल्यांना मिलून येक हाय, म्हनून जीव थंड झाला बगा. पन चालतंय ना? पालकसायबांना इचारून सांगाल?"

विचारते म्हणाले. विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्यांना सांगितलं, साहेब म्हणाले, थोडे दिवस थांबा.

झालं. एवढंच वाक्य. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. शांताबाईंनी मान डोलावली. पुढच्या प्रभुभोजनाला सगळी मंडळी उठून कठड्याशी गेली आणि त्या मागच्या बाकावर एकट्या बसून राहिल्या, पदर डोक्यावर घेऊन. मी प्याला निवांत प्यायले.

थोडे दिवस म्हणजे किती? त्या दर महिन्याला माझ्याकडे बघायच्या. मी नजर चुकवायची. पाळकसाहेबांनी मला विचारलं, शांताबाई पुढे का येत नाहीत? मी म्हटलं, मनाची तयारी झाल्यावर येईन म्हणतात. साहेब भला माणूस — कुणावर जबरदस्ती नको, म्हणाले. दोघांच्या मधे मी उभी, आणि दोघांचाही माझ्यावर विश्वास. वर्षभरानं त्या यायच्या बंद झाल्या.

मग मी काय केलं असेल? कमिटीत सुचवलं, स्वच्छतेच्या दृष्टीनं प्रत्येकाला छोटा काचेचा पेला द्यावा. सगळ्यांना पटलं. आणि मी मोठ्या तोऱ्यात गव्हाणला गेले — आता या, आता काही अडचण नाही!

शांताबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. ऐकून हसल्या.

"आता सगल्यांचेच वेगले केले व्हय? मग तितं येऊन काय करू, सिस्टर? तसा पेला माज्या घरी हाय."

निघताना म्हणाल्या, "पालकसायबांना सांगा, माजा राग नाय त्यांच्यावर. चार मान्सांचं बगाया लागतं त्यांना."

सांगते म्हणाले.

तिथंच, त्या ओट्यावर तोंड उघडलं असतं तर? नाही उघडलं. तीन वर्षांनी शांताबाई वारल्या. मला आठवड्यानं कळलं, बाजारात, दुसऱ्या मासेवालीकडून. माझ्या बोलण्यानं त्या गेल्या नाहीत, पण गेल्या त्या आमच्याशिवाय गेल्या. मंडळीतला एकही माणूस त्यांच्या उशाशी नव्हता. डबा गेला नाही.

पाळकसाहेब निवृत्त होऊन खारघरला मुलाकडे राहतात. दर नाताळात मी करंज्या घेऊन जाते. दरवर्षी कधीतरी ते हातातली बशी खाली ठेवतात आणि विचारतात, "सिस्टर, शांताबाईंच्या बाबतीत माझं काही चुकलं होतं का हो?"

"नाही साहेब," मी म्हणते. "तुमचं काही चुकलं नव्हतं."

त्या सगळ्या प्रकरणात मी खरं बोलते ते एवढंच.