साडूंची झापड

दुसऱ्याला आश्चर्य वाटलेलं बघण्याची इतकी भूक असलेला माणूस आमच्या साडूंखेरीज उभ्या महाराष्ट्रात दुसरा नसेल, आणि देवाने त्यांना सासुरवाडी दिली ती पुण्यातल्या पेठेतली. यवतमाळकडचा हा गडी नोकरीसाठी इकडे आला, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी, सुमनशी, लग्न करून वारज्याला राहिला, आणि तेव्हापासून आम्हाला चकित करायच्या खटपटीत आहे. आम्ही चकित होत नाही. आमच्याकडे कोणाचा मुलगा पहिला आला असं कळलं, तर आम्ही 'बसले होते किती?' असं विचारतो. एखादी गोष्ट फारच आवडली तर 'बरं आहे' म्हणतो, आणि मग पंधरवडाभर आपण जरा वाहवत गेलो असं वाटत राहतं.

बाजारात कुठलीही नवी वस्तू आली की ती पहिल्या आठवड्यात साडूंच्या दिवाणखान्यात हजर असते. ती कशाला लागते हे त्यांना ठाऊक नसतं आणि त्याच्याशी त्यांना कर्तव्यही नसतं. ते वस्तूकडे बघतच नाहीत. बटण दाबतात आणि पाहुण्याच्या तोंडाकडे डोळे लावून उभे राहतात. "कसं वाटून राहिलं, भाऊ?" हा प्रश्न त्यांनी मला इतक्या वेळा विचारला आहे की तो माझ्या स्वप्नात येतो. तेलाशिवाय तळायचं यंत्र आणलं तेव्हा सासूबाईंनी त्यातला साबुदाणा वडा शांतपणे संपवला आणि म्हणाल्या, "जावईबापू, तेल संपलं होतं तर निरोप पाठवायचा." जमिनीवर आपलं आपण फिरून केर काढणारी चकती आली, तेव्हा माझी बायको ती अख्खी खोली फिरेपर्यंत मान वळवून बघत होती. साडूंचा श्वास अडकला होता. चकती थांबल्यावर बायको म्हणाली, "आणि कोपऱ्यातला कोण काढणार?" हुकूम दिला की दिवे लावणारा डबा आणला, तेव्हा मी फक्त भिंतीकडे बोट दाखवून "बटण बिघडलंय का?" एवढंच विचारलं. दर वेळी साडूंचं तोंड एवढंसं होतं, मग ते मोठ्याने हसतात आणि आत जाऊन पुडाच्या वड्या घेऊन येतात. खरं सांगायचं तर आम्ही सगळे वारज्याला जातो ते त्या वड्यांसाठी. कोथिंबिरीचं तसलं सारण पुण्यात कोणी करत नाही. बऱ्या असतात.

हा नाद लागला कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "आमच्या गल्लीत पहिला फ्रीज बाबांनी आणला, भाऊ. मे महिन्यात. येईल त्याच्या हातावर बर्फाचा तुकडा ठेवत. म्हातारे माणसं बी ओरडत न! 'माय वं, भाजते!' म्हणत." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की बर्फ थंड असतो, भाजत नाही, हे मी सांगायचं टाळलं. माझ्यासारख्याने तेवढं केलं म्हणजे पुष्कळ केलं.

यंदा साडू निवृत्त झाले, आणि एके दिवशी बायकोला सुमनचा फोन आला. ती रडत होती. साडूंनी मनात घेतलं होतं की वारज्याचा फ्लॅट विकावा आणि यवतमाळला परत जावं. "म्हणतात, इतकी वर्षं झाली, इथे कोणाला काही वाटतच नाही. भिंतींसोबत राहून राहिलो म्हणतात," सुमन सांगत होती. तिला जायचं नव्हतं. आई ऐंशीच्या पुढची, आमच्याकडे राहणारी, बहीण इथे, तिचं सगळं आयुष्य इथे. शेवटी साडूंनीच एक तोड काढली होती. त्यांचा भाचा परदेशातून डोळ्यांवर बांधायचं एक नवं यंत्र आणणार होता, ज्यात माणूस खुर्चीत बसल्या जागी हिमालयात पोहोचतो. ते बघून एक तरी पुणेकर ओरडला, तर मुक्काम पुण्यात. नाही तर सामान बांधायचं. "ताई, तुझ्या पाया पडते," सुमन म्हणाली, "कोणीतरी ओरडा गं."

माणसाने आयुष्याचा निर्णय असल्या गोष्टीवर टाकावा याला काय म्हणावं, हे मी बायकोला तीनतीनदा विचारलं. यंत्र आल्यावरच्या रविवारी सकाळी रिक्षात बसल्याबरोबर ती मला म्हणाली, "आज 'वा' म्हणायचं."

"म्हणेन."

"म्हणून दाखवा."

"इथे? रिक्षात?"

"बघितलंस आई?" बायको म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना कशाला छळतेस? मी 'अगंबाई' म्हणेन. अगदी मोठ्याने म्हणेन." आम्ही निश्चिंत झालो. सासूबाई दिलेला शब्द पाळतात.

ते यंत्र मी पाहिलं आणि मला घाण्याचा बैल आठवला. त्याला बांधतात तसली ती झापड, फक्त काळी, गुळगुळीत, मागे जाड पट्टा असलेली. त्या किमतीत एखादी बरी दुचाकी आली असती आणि तिच्यावरून खरोखर कुठेतरी जाता आलं असतं, हे मी ओठांवर आलेलं गिळलं. साडूंनी मधलं टेबल हलवलं होतं, शोकेसच्या काचेला उशी लावली होती, आणि साक्षीला शेजारचे सोसायटीचे सेक्रेटरी बोलावले होते. पहिला मान त्यांचा. त्यांच्या अंगावर म्हणे भिंत फोडून प्राचीन काळचा एक अजस्र प्राणी धावून आला. सेक्रेटरी हलले नाहीत. झापड काढून त्यांनी खिशातला चष्मा लावला आणि म्हणाले, "भिंत फोडायला सोसायटीची परवानगी लागते." मग वडी घेतली.

नंतर माझी बायको. त्या यंत्राला बाहेरून कॅमेरे असतात, त्यामुळे सुरुवातीला आत आपलीच खोली दिसते. साडू समुद्र कधी सुरू होतो याची वाट बघत होते आणि बायको मान वर करून स्तब्ध उभी होती. आता ओरडेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "सुमे, पंख्यावर धूळ आहे गं." सुमन लालबुंद झाली. पुढे समुद्र आला, मासे आले, देवमासा आला, पण बायकोचं लक्ष पंख्यातून निघालंच नाही.

सासरे गेल्यावरही सासूबाईंनी कपाळावरचं ठसठशीत कुंकू सोडलं नव्हतं आणि यंत्राची गादी नेमकी कपाळावर टेकते. त्या म्हणाल्या, कुंकू पुसणार नाही. इतक्या किमतीची वस्तू, पण साडू म्हणाले, "राहू द्या न, आई. लागलं तर लागलं." त्यांनी हळूच पट्टा आवळला. सासूबाईंना त्यांनी बर्फातलं एक देऊळ दाखवलं. त्यांनी आधी "चपला कुठे काढल्या मी?" असं विचारलं, मग हात जोडले, आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. त्या वेळी मला एक गोष्ट दिसली. साडू गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, खालच्या फटीतून सासूबाईंचे डोळे दिसतात का ते बघत होते. दिसत नव्हते. आयुष्यभर जे बघायला हा माणूस धडपडला, नेमकं तेच त्या यंत्राने झाकून टाकलं होतं. उरली होती फक्त तोंडं, आणि आमची तोंडं तर काय, मिटलेली. सासूबाईंनी झापड काढली, सगळ्यांकडे बघितलं, त्यांना शब्द आठवला असावा, पण बोलून गेल्या ते असं, "गर्दी नाही हे चांगलं आहे. प्रसाद मात्र नाही."

सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी न सांगताच उठलो. 'वा' तोंडात तयार ठेवला होता. साडूंनी झापड बांधली, "भ्याचं नाही, भाऊ," म्हणाले, आणि मी एका प्रचंड उंच इमारतीच्या गच्चीवर होतो. पुढे हवेत एक फळी काढलेली. "चाला न," साडूंचा आवाज आला. मी वारज्यात सुमनच्या सतरंजीवर उभा आहे हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या गुडघ्यांना ते माहीत नव्हतं. एक पाऊल टाकलं. खाली रस्ते धाग्यांसारखे. त्या तयार ठेवलेल्या 'वा'चं काय झालं कोण जाणे. मग फळी हलली.

साडूंनी झापड काढली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरला. "बरं आहे," मी म्हणालो. "जरा जड आहे." बायकोने कपाळावर हात मारला. सुमन आत वळली.

"भाऊ," साडू हळूच म्हणाले, "आता हात सोडा न."

मी खाली बघितलं. माझ्या दोन्ही हातांनी मी त्यांचं मनगट आवळून धरलं होतं. यंत्र उतरलं, खोली आली, वड्यांचा वास आला, तरी माझी बोटं सुटली नव्हती. ती एकेक करून सोडवावी लागली. साडूंच्या मनगटावर माझ्या नखांच्या लाल खुणा उमटल्या होत्या, आणि साडू त्या खुणांकडे बघत होते. तो चेहरा मी विसरणार नाही. "सुमन! अगं इकडे ये, पाह्य न!" ते ओरडले. मनगट त्यांनी सुमनला दाखवलं, सासूबाईंना दाखवलं, सेक्रेटरींच्या चष्म्यासमोर धरलं. "अरे बाप्पा, काय पकडलं यानं!" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "राहू आपण इथंच. हे लोक ओरडत नाही गं, पण सोडत बी नाही."

सुमनने डोळे पुसले. सेक्रेटरी म्हणाले, "मग मेंटेनन्स चालू ठेवतो." मी वडी तोंडात घातली, म्हणजे कोणी काही विचारायला नको.

संध्याकाळी घरी आल्यावर मी बाहेरच्या खोलीत एकटाच बसलो होतो. मनगट धरलेली बोटं अजून अवघडलेली होती. बिचारा परत गेला असता तर मला किती वाईट वाटलं असतं, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, आणि ते त्याला सांगायची माझी काही तयारी नव्हती. कोणी नाहीसं बघून मी एकदा "अरे बापरे" असं म्हणून पाहिलं. नुसतं पुटपुटल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा जरा मोकळं आलं. आतून बायको धावत आली.

"काय झालं? पडलात का?"

"नाही," मी म्हणालो. "सराव करतोय. पुढच्या खेपेसाठी."

मला वाटलं, आता ऐकवेल. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मोठ्याने म्हणा. वारज्यापर्यंत जायला हवं."