मेव्हण्याचा आवाज

माझ्या होणाऱ्या मेव्हण्याला आम्ही पहिला अर्धा तास मुका समजत होतो.

रविवारची सकाळ. माझी धाकटी बहीण रसिका हिला बघायला जर्मनीतला निखिल लॅपटॉपवरून 'येणार' होता. आई आणि खास सटाण्याहून आलेले मामा सोफ्यावर सावरून बसले होते. स्क्रीनवर निखिल आणि त्याची आई उमटली. दोघांचे ओठ हलले. आवाज शून्य!

मामा कुजबुजले, "पोरगा मुका शे का रे भाऊ?"

"मामा, स्पीकर गेलाय. दोन मिनिटांत करतो!" मी म्हणालो. (घरातला कॉम्प्युटरतज्ज्ञ मीच. नेमणूकही माझी मीच केली आहे.)

आवाजाची पट्टी शंभरावर नेली. काही नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. पाहुणे परत आले, आवाज नाही आला! मग आतली धूळ उडवावी म्हणून रसिकाचा हेअर ड्रायर आणून स्पीकरच्या जाळीवर धरला.

"दादा, अरे ते सगळं बघतायत!" रसिका.

"बघू देत. आपला आवाज तिकडे जात नाहीये," मी ठणकावून सांगितलं. (कशावरून? कशावरूनही नाही!)

झालं! आईने लगेच मन मोकळं केलं. "मुलगा बरा दिसतोय, पण केस फारच कमी आहेत गं."

"नोकरी चांगली आहे ना? मग केसांचं काय घेऊन बसलीस!" मी.

त्याच क्षणी निखिलने डोक्यावरून हात फिरवला. मला तो निव्वळ योगायोग वाटला! त्याची आई तोंडाला पदर लावून हलत होती. "बिचारीला ठसका लागलाय," माझं निदान. निखिल दोन्ही हातांनी कानांकडे बोटं दाखवू लागला. आईला वाटलं, तिकडची नमस्काराची पद्धत असेल. तिनेही कानांना हात लावले.

"उलटा करीसन झटक!" मामांनी उपाय सुचवला. मी लॅपटॉप उलटा केला. पाहुणे खाली डोकं, वर पाय!

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या पगारकाकू. काखेत आमचाच ब्लूटूथ स्पीकर! सकाळी योगवर्गासाठी त्या तो मागून घेऊन गेल्या होत्या, आणि लॅपटॉपने चालू होताच त्यालाच जाऊन गाठलं होतं.

"अरे, आमच्या बायका शवासनात पडल्यात आणि हा मुलगा केव्हाचा ओरडतोय, 'दादा, आम्हाला सगळं ऐकू येतंय!' आणि त्याची आई म्हणतेय, केसांवर औषध चालू आहे!"

आई आत पळाली. मामांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. मी हेअर ड्रायर पाठीमागे लपवला.

काकूंनी स्पीकर टेबलावर ठेवला. मग रसिकाच पुढे झाली. "सॉरी हं. आमच्याकडे हे असंच असतं. चालेल का तुम्हाला?"

स्पीकरमधून निखिलचा खणखणीत आवाज आला, "चालेल ना! गेल्या तीन स्थळांनी केस बघून नुसतंच 'नंतर कळवतो' म्हणून सांगितलं होतं. तुम्ही तोंडावर बोललात."

रसिका इतकी हसली, की आई स्वयंपाकघरातून डोकावली. मग ती दोघं तासभर बोलत बसली. (पगारकाकूही बसल्या. स्पीकर परत न्यायचा होता म्हणे!)

दोन महिन्यांनी दोन्ही घरं लग्नाच्या बैठकीला जमली. हॉल, जेवण, तारीख, एकाही मुद्द्यावर एकमत होईना. शेवटी वातावरण निवळावं म्हणून मी उठलो आणि म्हणालो, "माइक-स्पीकरचं मी बघतो."

दोन्ही घरं एका सुरात ओरडली, "नको!"

तिथून पुढे बैठक फार सुरळीत पार पडली.