भुऱ्याची दोरी

आम्ही गाव सोडलं ते कांद्याच्या ट्रकमधून. धाकट्या चुलत्याने पिंपरीच्या एका कंपनीत आमच्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, हेल्परची जागा बघून ठेवली होती, आणि शेजारच्या गावातल्या उस्मानभाईंचा ट्रक कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला निघाला होता. गोण्यांवर आमचा संसार चढला: ट्रंक, जातं, हंडे, गोधड्या. सगळ्यांत वर धाकटी बहीण सुमन बसली, आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून आमचा कुत्रा, भुऱ्या. सुमन चालायला शिकली ती त्याच्या पाठीला धरून. ताकात कुस्करलेली भाकरी तो फक्त तिच्या हातून खायचा.

पाथर्डीकडच्या त्या उन्हात निरोपाला आलेल्या कुणीतरी विचारलं, शहरात कुत्रं कशाला नेता? अण्णा म्हणाले, "घरातलं माणूस मागं ठेवत्यात व्हय?"

हे वाक्य मी ऐकलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

चाकणला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. गोण्या उतरल्या, अण्णा आणि आई सामान चुलत्याने धाडलेल्या टेम्पोत लावू लागले, सुमन बोचक्यावर झोपून गेली. भुऱ्याची दोरी माझ्या हातात होती. आम्हाला न्यायला चुलत भाऊ विलास आला होता. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. माझी पहिली फुलपँट त्या दिवशी नवी होती आणि मला वाटत होतं, आपणही आता त्याच्यासारखेच दिसतोय. त्याने मला बघितलं, मग भुऱ्याला. "काय राव, कुत्रं बी आणलं? कोंबड्या मागनं येत्यात का?" एक हमाल गोणी पाठीवर घेताघेता म्हणाला, "असू दे की, कंपनीत लावू त्याला बी. नाइट शिफ्टला!" सगळे हसले.

एवढंच झालं होतं. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं पुढे आयुष्यभर वाटत राहिलं.

मी भुऱ्याला ट्रकमागे नेलं. रिकामा ट्रक गावाकडेच परतणार होता. उस्मानभाईंना म्हणालो, "अण्णा म्हणाले, ह्याला परत न्या. थोरल्या चुलत्याकडं सोडा." ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी मागचा फाळका पाडला. भुऱ्या स्वतःच उडी मारून वर चढला. दोरी कुठे अडकून फास बसू नये म्हणून मी ती काढून घेतली. ट्रक निघाला.

सुमन उठली आणि भुऱ्याला हाका मारत सुटली. आधी टेम्पोखाली, मग गोण्यांच्या थप्प्यांमागे. अण्णांनी ट्रकच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोरी अजून माझ्या हातात होती. त्यांनी ती काढून घेतली, गुंडाळून स्वतःच्या खिशात घातली आणि सुमनला म्हणाले, "मीच लावून दिलं त्याला माघारी. तिथं एक खोली, कुठं ठिवायचं?" ती टेम्पोत पिंपरीपर्यंत रडत होती. अण्णांच्या मांडीवर बसायला तयार नव्हती. पुढे कधीच बसली नाही.

थोड्या दिवसांनी उस्मानभाई आमच्या खोलीवर आले. सुमन चुलत्याकडे होती. ते दारातच म्हणाले, "अण्णा, माफ करा. शिक्रापूरला चहाला थांबलो अन् तुमच्या कुत्र्यानं उडी टाकली. लई हाका मारल्या. चाकणच्या रस्त्याला लागलं सरळ."

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "सुमीला काय बी सांगू नको. बापावरचा राग निवतो. तुमा दोघांना अजून लई वरसं संगं काढायचीत."

त्यानंतर अण्णा रविवारी ओव्हरटाइम आहे म्हणून सायकल काढायचे. डब्यात भाकरी जास्त न्यायचे. शहरात भूक वाढली, असं आई म्हणायची. सुमन म्हणायची, अण्णांना आमच्यापेक्षा कंपनी प्यारी. एका रविवारी मी सायकल पुसत होतो, तेव्हा हँडलच्या पिशवीत मला भुऱ्याची दोरी दिसली. ओव्हरटाइम नव्हता. अण्णा चाकण-शिक्रापूर रस्त्यावर त्याला हुडकत होते.

अण्णांचा अंदाज चुकला. सुमनचा राग निवला नाही. दिवाळीला गावी गेलो तेव्हा भुऱ्या तिथे नव्हता, आणि तिने मनाशी ठरवून टाकलं की अण्णांनी त्याला वाटेत टाकून दिलं. ती मोठी झाली, लग्न होऊन चाकणला गेली. अण्णांचं सगळं केलं तिने. माया मात्र दाखवली नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत त्यांना पेज भरवताना म्हणाली, "अण्णा, तेवढं एक तुमी चांगलं न्हाई केलं." अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी थर्मास धरून उभा होतो. बोलायची ती वेळ होती. मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिलो.

आता सुमनच्या नातीने सोसायटीच्या पार्किंगमधून एक पिल्लू घरी आणलंय. सून नको म्हणाली तेव्हा सुमन सगळ्यांदेखत म्हणाली, "राहू दे त्याला. आमच्या अण्णांसारखं करू नका." नातीने विचारलं, "पणजोबा एवढे वाईट होते?" मी जेवत होतो. मान खाली घालून पुढचा घास कालवला.

गेल्या रविवारी मी रहाटणीच्या माझ्या फ्लॅटवरून चाकणला गेलो आणि सुमनला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. एवढंच विचारलं, "ट्रक निघाला तवा भुऱ्या ओरडला का रे?"

"न्हाई," मी म्हणालो. "शेपूट हलवत होता. मी मागनं चढतोय, असं वाटलं त्याला."

तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तू जा आता. पुढल्या रविवारी ये, अन् पोरांना तूच सांग. अण्णांचं नाव मी खराब केलं, पण करायला तू दिलंस."

बोलताना माझी जीभ अडखळेल, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. पोरांनो, तुमचे पणजोबा वाईट नव्हते. कुत्र्याला मी सोडलं. ते त्याला शोधत होते.

इथे येऊन माझं सगळं आयुष्य गेलं. फ्लॅट झाला, पेन्शन आली, तरी कुणी विचारलं की मी अजून 'आपलं घर पाथर्डीकडं' असं म्हणतो. शिक्रापूरच्या त्या फाट्यावर भुऱ्याला दोन्ही रस्ते मोकळे होते. एका रस्त्याला त्याचं गाव होतं, ओळखीचा उंबरा होता. तो दुसऱ्या रस्त्याने पळाला, जिकडे आम्ही होतो. घर कुठल्या बाजूला आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि त्या घरातून त्याला मी काढून दिलं होतं.