कोकरं कुणी मारली

नकुल,

तू नको म्हणाला होतास, तरी लिहितेय. तुझ्या आईने मंडळात सगळ्यांना ‘आमचा नकुल वाइल्डलाइफमध्ये आहे’ असं सांगून ठेवलंय, आणि लोकांना वाटतं तू हरणांचे फोटो काढतोस. मला असलं गुळमुळीत बोलणं सहन होत नाही. तू कायोटी मारतोस. मेंढ्या वाचाव्यात म्हणून मारतोस आणि त्याचा पगार घेतोस. हे ऐकून ज्या बायका ‘अय्या!’ म्हणाल्या, त्यांनीच मंडळाच्या पंगतीत मटणाच्या रश्श्याला दोनदा वाटी पुढे केली होती. म्हणून मार्जीकडची हकीकत सगळ्यांना सांगून टाकते. काही चुकलं तर फोन कर.

तुझी शोभना मावशी

नकुल मूळ ॲरिझोनातल्या चँडलर शहरचा. आईवडील दोघंही चिप बनवणाऱ्या कंपनीत, तेव्हा पोरगाही तिकडेच चिकटणार हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. त्याने वन्यजीवशास्त्राची पदवी घेतली आणि राज्याच्या पूर्वेला, उंच पठारावरच्या मेंढ्यांच्या मुलखात जाऊन राहिला. तिथल्या मेंढीवाल्यांच्या संघटनेने त्याला कामावर ठेवलंय. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठं, लांडग्याहून लहान आणि दोघांहून डोकेबाज जनावर. वसंतात मेंढ्या विल्या की ते कोकरांवर येतं, आणि मग नकुलच्या फोनला उसंत नसते.

मागचा वसंत त्याला जड गेला. चाळिशी आली होती, गुडघा कुरकुरत होता. पूर्वी गोळी घातली की त्याला वाईट वाटायचं. आताशा नुसतं झोपावंसं वाटे, आणि त्याचीच त्याला जास्त काळजी वाटायची.

अशात मार्जीची कोकरं मरायला लागली. मार्जी म्हातारी, नवरा गेलेला, मेंढवाडा एकटीच सांभाळते. सोबतीला कॉटन नावाचं राखणीचं कुत्रं, पांढरंशुभ्र आणि वासराएवढं. नकुलने ओढ्याकाठी सापळे लावले, दोन कायोटी मारली. पुढच्याच सकाळी पुन्हा एक कोकरू मेलेलं.

त्याने गुडघा टेकून त्या कोकराचं कातडं सोललं. त्याची ही नेहमीची पद्धत. वरून काही कळत नाही, चाव्याच्या खुणा कातड्याखाली दिसतात. कायोटी गळा धरतं आणि पोट भरून जातं. इथे गळा धड होता. कान फाटलेले, मागचे पाय चावलेले, आणि खाल्लेलं काहीच नाही. म्हणजे भूक नव्हे, खेळ. ती दोन कायोटी त्याने उगीचच मारली होती.

“कायोटी नाही, मार्जी.”

“मग कोण? आमचा पाद्री?”

नकुलची नजर कुंपणाकडे गेली. तिथे कॉटन शेपटी हलवत उभा होता. मार्जीने तिकडे पाहिलं, मग जाऊन त्याचा जबडा हातात धरला. ओठांकडचे पांढरे केस तांबूस झाले होते.

राखणीचं कुत्रं पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढवायचं, लाड करायचे नाहीत, अशी तिकडची रीत. मग ते मेंढ्यांनाच आपलं घर समजतं. मार्जीला हे चांगलं ठाऊक. पण नवरा गेला त्याच हिवाळ्यात हे पिल्लू आलं, आणि तिने ते स्वयंपाकघरात शेगडीपाशी ठेवून घेतलं. कॉटनला घर म्हणजे मार्जी. मेंढ्या म्हणजे खेळणी.

“बंदूक आहे ना गाडीत?” मार्जी म्हणाली.

“आज नको. दमलोय मी.”

“कुत्रं मारायला असा कितीसा दम लागतो?”

“शनिवारी येतो. तोवर बांधून ठेव.”

गाडीत बसल्या बसल्या त्याने चँडलरला फोन लावला. मावशीला, म्हणजे मला.

“मावशी, तुला डॉग हवाय?”

“या वयात? केवढा आहे?”

“तुझ्यापेक्षा जड.”

“चावतो का?”

“माणसांना नाही. मेंढ्यांना. तुझ्याकडे मेंढ्या नाहीत ना?”

“भिशीच्या बायका आहेत.”

कित्येक दिवसांनी तो हसला. “चालेल. संडेला आणतो.”

मार्जीला मात्र त्याने हे सांगितलं नाही. कोकरं मारणारं कुत्रं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही, ज्याचं त्याने निस्तरायचं, असा तिकडचा दंडक. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. तेव्हा ‘लांब नेऊन उरकतो’ म्हणायचं आणि कॉटनला गाडीत घालायचं, असं त्याने ठरवलं.

शनिवारी तो दोरी घेऊन गेला. गोठ्यामागे मार्जी नळाखाली फावडं धूत होती.

“झालं,” ती म्हणाली. “फार दमलेला दिसत होतास. म्हटलं, एवढं तरी तुझ्यावर नको.”

चँडलरचं तेव्हाही सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही. तिने कॉफी केली, ती त्याने संपवली.

संध्याकाळी फोन आला. “मावशी, उद्याचं कॅन्सल.”

“का रे? मी त्याच्यासाठी गादी आणलीय.”

“कुणाला तरी देऊन टाक.”

त्याचा आवाज ऐकून मी पुढे विचारलं नाही. “जेवलास का?” म्हटलं.

“नंतर. ओढ्यावरचे सापळे उचलायचेत.”

चँडलरची ती फेरी राहिली ती राहिलीच.