एक खण रिकामा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं.

नळदुर्गच्या बाजारात मी किल्ल्याच्या भिंतीला पाठ लावून मिरच्या विकायची. निजामाची हाली नाणी तेव्हा बंद झाली होती आणि एक म्हातारा ती शोधत फिरायचा. त्याच्या खांद्यावर लांब कापडी पट्टी असायची, तिला ओळीनं बारीक खण शिवलेले.

"म्या पाळण्यात होतो तवा आईनं शिवली," तो म्हणाला. "जन्मल्यापासनं दर सालाचं एक नाणं. सगळे खण भरायचे, एवढंच ठरवलंय."

शेवटच्या खणात यंदाचा नवा पैसा होता.

"मामा, पुढच्या सालाचं कुठं ठेवणार?"

"पुढं खणच न्हाईत, अक्का. आईचा दोरा इथंच सरला."

मधला एकच खण रिकामा होता. नेमका त्या सालाचा रुपया माझ्या कनवटीला होता, माझ्या आईची एवढीच आठवण. मी तो काढून दाखवला.

"एकडाव भरलेली बघू द्या. पुढल्या बाजारी आणून देतो."

मला नाही म्हणता आलं नाही.

दोन बाजार तो फिरकला नाही. आईचा रुपया गेला म्हणून मी घरात कुणाला बोललेही नाही. तिसऱ्या बाजारी तो आला. गाल बसले होते. त्यानं रुपया माझ्या तळहातावर ठेवला.

"फिटलं न्हवं, अक्का?"

"फिटलं, मामा."

मग माझ्या खांद्यावरून मागं बघत तो हळूच म्हणाला, "थांब गं आई, जरा. अजून एक खण रिकामा हाय."

माझ्या मागं नुसती भिंत होती.